चार सेकंदाला एक थेंब

सरकारी कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या बाकावर कंत्राटदार येऊन टेकला आणि त्याच्या डाव्या खांद्यावर टपकन थेंब पडला. भिंतीवर टांगलेल्या एसीच्या पाण्याची नळी बरोबर डोक्यावरून गेली होती आणि तिचा सांधा गळत होता. दुसरा थेंब चार सेकंदांनी आला.

याच इमारतीच्या नळकामाची आणि एसी दुरुस्तीची निविदा निघाली होती. निविदेसोबत जागा पाहिल्याचा दाखला जोडायचा होता, त्यावर अभियंता साहेबांची सही हवी होती. बारा वर्षं लोकांच्या मोऱ्यांत वाकून काम केलेल्या या माणसाला एकदा तरी सरकारी काम मिळवायचं होतं. त्याचा थोरला साडू सरकारी कंत्राटदार होता आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत असे.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," कारकून म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

"ते मीटिंगमध्येच ठरतं."

"आणि हे कधीपासून गळतंय?"

"सात महिने. त्याची वेगळी फाइल आहे."

कंत्राटदार बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. पण गळका सांधा समोर असताना स्वस्थ बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कुणाकडे जेवायला गेला तरी हात धुताना तो नळाची चावी दोनदा फिरवून बघत असे. अर्ध्या तासाने त्याने पिशवीतून पाना काढला, बाकावर चढला, नळीत अडकलेला गाळ काढला आणि सांधा आवळला. थेंब थांबला. आवाज बंद झाल्यामुळे कारकुनाने मान वर केली.

"काय केलंत?"

"काही नाही. गाळ साचला होता."

बातमी मजलाभर पसरली. आवक-जावक विभागातल्या बाई आल्या. "दादा, आमच्याकडचा नळ जरा बघता का? वर्षभर रुमाल बांधून ठेवलाय." मग अभिलेख कक्षाचा गार न होणारा एसी, मग वरच्या मजल्यावरची टाकी. साहेब तीन वाजता बाहेर आले तोवर निविदेतली बहुतेक कामं होऊन गेली होती. साहेबांनी मान वर न करता दाखल्यावर सही केली.

निविदा उघडल्या. सर्वांत कमी दर आपल्या कंत्राटदाराचा निघाला. आदेश देण्यापूर्वी कामाची गरज आहे याची खात्री करायला पाच जणांची समिती आली, यादी हातात घेऊन इमारतभर फिरली आणि सगळं ठणठणीत असल्याचं लिहून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला बोलावणं आलं.

"सात महिने मी दर सोमवारी वर कळवतोय की इथे गळतंय," साहेब म्हणाले. "समिती म्हणते, कोरडं आहे. म्हणजे मी सात महिने खोटं लिहिलं?"

"नाही साहेब, तुम्ही खरंच लिहिलंत," कंत्राटदार शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाला. "मीच दुरुस्त केलं ते."

कारकुनाने हळूच पेनाला टोपण लावलं.

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? गळत होतं."

"सरकारी गळती होती ती. तुमच्या घरची नव्हे."

आठ दिवसांत सर्व काही पूर्ववत करावे, असं पत्र निघालं. कंत्राटदाराने घरी ते टेबलावर आपटलं.

"बिघडवून देऊ? मी? बारा वर्षांत माझा एक सांधा गळला असेल तर दाखव. फुकटात दुरुस्त केलं, तर चोरासारखं उभं केलं मला."

"अहो, काम हवंय ना?" बायको म्हणाली. "मग गळायला नको का? कोरड्या भिंतीची निविदा कोण काढणार?"

तो दात-ओठ खात गेला, बाकावर चढला आणि सांधा सैल केला. साहेब गळतीचे जुने फोटो घेऊन खाली उभे राहिले, कारकून घड्याळ घेऊन.

"फार जोरात पडतंय," साहेब म्हणाले.

"दोन सेकंदाला एक," कारकून म्हणाला.

"आणि फोटोत ओल जरा डावीकडे आहे."

आवक-जावकच्या बाई दारात येऊन थांबल्या. "चांगला चालणारा नळ बिघडवलात, दादा. हाताला काही वाटलं नाही?" हे मात्र त्याला फार लागलं. चार वाजता अखेर थेंब वेळेवर पडू लागला. साहेबांनी समाधानाने मान डोलावली आणि समितीला पुन्हा यायची विनंती पाठवली.

समिती कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी कारकुनाचा फोन आला, "गळती बंद पडली हो." कंत्राटदार जाऊन सांधा सैल करून आला. चार दिवसांनी पुन्हा फोन. तिसऱ्या खेपेला त्याचा तोल गेला.

"साहेब, माझ्या हाताला गळकं काम करायची सवय नाही. ते आपोआप नीट बसतं. एवढं प्रेम असेल त्या गळतीवर, तर माणूस ठेवा तिच्या देखभालीला."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी गोल शिक्क्याचा कागद घरी आला. बायकोने उभ्या उभ्या वाचला. "तुम्हाला सरकारी काम मिळालंय," ती सावकाश म्हणाली. "पहिल्या मजल्यावरील गळती सुस्थितीत राखणे. आठवड्यातून दोन भेटी."

"फाडून टाक तो कागद. दुरुस्ती करणारा माणूस आहे मी. बारा वर्षांची अब्रू आहे माझी."

"बरं." तिने कागद फाडला नाही.

तो खोलीत तीन फेऱ्या मारून आला. "मुदत किती दिलीय?"

"मूळ निविदेचा अंतिम निर्णय होईपर्यंत."

त्याने खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसला.

"म्हणजे जन्माचं झालं," ती म्हणाली आणि तिने सहीसाठी पेन पुढे केलं.