आतून किती उरलंय ते सांगा

लोखंडाची बोटभर पट्टी मी चिंच लावून, तारेच्या घासणीनं घासून चांदीसारखी लख्ख केली आणि शाबासकीच्या आशेनं मामांच्या हातावर ठेवली. मामांनी कपाळाला हात लावला.

"जावई, पाइपानं किती खाल्लं अन् तुमी किती खाल्लं, आता कसं कळावं?"

ती काढून आणा, एवढंच ते म्हणाले होते. घासून आणा, म्हणाले नव्हते.

हणमंतमामा माझ्या बायकोचे मामा. आखातातल्या वाळवंटात सव्वीस वर्षं तेलाच्या पाइपांचा गंज मोजून भूमला, आपल्या गावी परतलेले, एकटेच. तिथलं तेल डांबरासारखं घट्ट. जमिनीत वाफ सोडून ते पातळ करायचं, मग ते कढत वर यायचं आणि येताना पाइप आतून खायचं. मामा वजन केलेली पट्टी पाइपात टांगत, काही महिन्यांनी काढून पुन्हा तोलत. पट्टी घटली त्यावरून पाइप किती झिजला ते कळायचं. माझ्या खव्याच्या कारखान्यात वाफेवरच्या दोन कढया आहेत. त्यांच्या वाफेच्या पाइपातही मामांनी हौसेनं अशीच एक पट्टी टांगली होती.

"वरचा रंग सांगू नका, आतून किती उरलंय ते सांगा," हे त्यांचं पालुपद. मेव्हणीला बघायला आलेल्या मुलाच्या बापालाही त्यांनी हेच ऐकवलं. स्थळ मोडलं.

पट्टी मी वाया घालवली म्हणून दुसऱ्या दिवशी मामा जाडी मोजायचं यंत्रच घेऊन आले. कढयांवरच्या पाइपाच्या वळणाला, बेंडाला, त्यांनी ते तीनदा टेकवलं. चेहरा उतरला.

"बंद करा."

"मामा, तीनशे लिटर दूध चढवलंय. उद्या लग्नाची ऑर्डर हाय. दोन तास द्या फक्त!"

मामांनी कढईत खवा हलवणाऱ्या सुमनबाईंना बाहेर काढलं, प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि बरोबर बेंडाखाली बसले. "ठेवा चालू."

बायकोच्या मामाला उठवणार कसं? मी गुपचूप व्हॉल्व्ह फिरवला. दाबाचा काटा हळूहळू उतरायला लागला, तसे मामा उठले. मी मात्र, एवढं झालंय तरी काय बघू, म्हणून बेंडाखाली जाऊन मान वर केली.

"सरक की येड्या!"

जावयाला त्यांनी पहिल्यांदाच अरे-तुरे केलं आणि कॉलर धरून मागं ओढलं. त्याच क्षणी फस्सकन वाफ फुटली. खुर्चीची पाठ मेणासारखी वाकली.

आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून राहिलो.

"तिथंबी म्या दोन तास दिले होते," ते म्हणाले. "माझ्याच खोलीतला गडी होता. आपल्या तेरखेड्याचा."

मग उठून त्यांनी वाकलेली खुर्ची बाहेर नेऊन ठेवली.

नवा बेंड बसला. तरी मामा रोज सकाळी येतात. यंत्र पिशवीतच असतं. सुमनबाई आल्या का विचारतात, माझ्या हातचा पांचट चहा पितात आणि जातात.

"नव्या पाइपात मामांना रोज काय दिसतं गं?" मी बायकोला विचारलं.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पाइपाकडं कोण बघतंय? तुमी सगळी जागेवर हायत का, तेवढं बघून जात्यात. उद्या घरी घेऊन या त्यांना, जेवायला."