परिषदेला गेलेली नदी

कोसमटोल्याची सुरंगी नदी जागतिक शाश्वत विकास परिषदेला प्रतिनिधी म्हणून परदेशी गेली, ती दिवाळी उलटली तरी परतली नव्हती. निमंत्रण रीतसर होतं. नद्यांबद्दलचे निर्णय नद्यांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, असं परिषदेनं ठरवलं होतं, आणि त्यात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं.

जाताना यशोदा दिघोरेनं तिची खणानारळानं ओटी भरली. सासरी निघालेल्या लेकीला सांगतात तसं, "जाते म्हणू नको, येते म्हण," असं बजावलं. नदी "येते" म्हणाली आणि सगळं पाणी घेऊन निघाली. थोडं मागे ठेव, असं सांगायचं कोणाला सुचलंच नाही. लेकीला अर्धीमुर्धी कोण पाठवतं?

यशोदा ढिवराची. मासोळी धरणं आणि बाजारात विकणं, एवढंच तिला येत होतं आणि ते झकास येत होतं. आता जाळं खुंटीला होतं आणि कोरड्या पात्रात रेतीचे ट्रॅक्टर फिरत होते. तिचं डोकं सकाळपासून तापलेलं असे, आणि का असू नये?

परिषदेचे समन्वयक पारनाईक ग्रामपंचायतीच्या खोलीत बसत. यशोदा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आमची नदी कधी येते जी?"

"मसुद्यावर एकमत झालं की लगेच. पाण्याला पाणी म्हणावं की द्रव संसाधन, यावर उपसमिती बसली आहे."

"बसली तं उठवा ना तिले! अन् आमची सुरंगी काय करून राहिली तिथं?"

पारनाईकांनी शांतपणे पडद्यावर सभागृह दाखवलं. देशाच्या पाटीमागे एक काचेची टाकी ठेवली होती. यशोदानं पहिल्यांदा नदीला ओळखलंच नाही, इतकी ती रोडावली होती. वक्त्यांचा घसा कोरडा पडला की गणवेशातला माणूस टाकीतून पेला भरून नेई. काही जण दोन घोट घेऊन पेला तसाच ठेवून देत.

"पिऊन राहिले ते तिले!" यशोदा ओरडली.

"चर्चा पाण्यावर आहे, बाई. घसे जास्तच सुकतात."

"मंग तिले बोलू द्या ना!"

"तिची पाळी आहे की. निरीक्षकांची भाषणं झाली की शेवटच्या दिवशी."

शेवटच्या दिवशी टाकीच्या तळाशी वाटीभर पाणी उरलं होतं. अध्यक्षांनी नदीचं नाव पुकारलं आणि सभ्यपणे वाट पाहिली. मग नदीला काहीही म्हणायचं नाही, अशी नोंद झाली. मसुदा मंजूर झाला, टाळ्या वाजल्या. यशोदाला तो पडदा फोडावासा वाटला.

संक्रांतीच्या आधी नदी कुरिअरनं घरी आली. बाटलीत होती आणि झाकणाला सोनेरी फीत बांधलेली होती. यशोदानं ती पात्रात नेऊन ओतली. हातभर रेती ओली झाली.

"येते म्हणाली होती, आली," यशोदा म्हणाली. तिनं ती सोनेरी फीत रेतीत भिरकावली.

आठवड्यानं पारनाईक पुन्हा आले. यंदा परिषदेचा विषय पर्वत होता आणि गावामागच्या डोंगराची निवड झाली होती. डोंगरही हुरळला होता, पायथ्याची झुडपं सावरून रस्त्याकडे तोंड करून उभा होता. बाया ओटीचं ताट घेऊन निघाल्या होत्या.

यशोदानं ताट हिसकून घेतलं. खुंटीवरचं जाळं काढलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही जाळी मागून आणली आणि बायांना हाताशी धरून एकाला एक जोडली. ते सगळं डोंगरावर फेकलं आणि कडा मोहाच्या झाडांना बांधायला घेतल्या.

"हे परिषदेच्या नियमात बसत नाही," पारनाईक म्हणाले.

"तं बसवा उपसमिती," यशोदा म्हणाली आणि गाठ आवळली.

डोंगरानं थोडी कुरकुर केली. मग तो खाली बसला.