न संपणारी तबकडी आणि सोळावा सोमवार

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. ओढा होता, करवंदीच्या जाळ्या होत्या. फक्त प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हतं. एके वर्षी तेही आलं.

भार्गव नावाच्या साळिंदराने ड्रम घेतले, रानडुकराने गिटार, टिटवीने कीबोर्ड. बँडचं नाव ‘वारुळातला सूर्य’. चार महिन्यांत एक तबकडी निघाली. तबकडीत गाणं एकच, पण त्याचे भाग अकरा. ताल साडेसात मात्रांचा. डोलवायला जावं तर मान लचकायची.

भार्गवची बायको रेवती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे. एवढंच कळलं की भार्गव म्हणाला होता, “एकाने जरी शेवटपर्यंत ऐकलं तर बँड राहील. नाहीतर मी आहे आणि कंद उकरणं आहे.”

कंद उकरताना तो कधी हसत नसे. ड्रम वाजवताना हसे. रेवतीने सोळा सोमवार धरले.

सोळाव्या सोमवारी सकाळी तबकडी लागली. सुई म्हणून रेवतीने आपला एक काटा दिला. सगळं जंगल जमलं. गव्याला सर्दी होती, तरी तो आला आणि पुढेच बसला. दुसऱ्याच भागात ससा उठला.

“निघतो वहिनी. चुलीवर दूध ठेवलंय.”

रेवतीने त्याच्या हातावर चार अक्षता ठेवल्या. “भावजी, कहाणीचे तांदूळ हातात असताना उठतात का कधी?”

ससा बसला. मग तिने सगळ्यांनाच अक्षता वाटल्या. देवाचं काम, कोण उठणार?

अकरावा भाग आला. टिंव, टिंव, टिंव. ऊन डोक्यावर आलं, कललं. टिंव चालूच.

“अहो, हे संपतं कधी?”

“संपतच नाही,” भार्गव छाती फुगवून म्हणाला. “शेवटची खाच गोल केलीय. सुई तिथेच फिरते. अनंत.”

“मग शेवटपर्यंत ऐकायचं कुणी?”

भार्गवची छाती खाली आली. रानडुक्कर टिटवीला म्हणालं, “खाच तुझी.”

“तुझं गिटार थांबेना म्हणून,” टिटवी म्हणाली.

मुठीतल्या अक्षता घामाने भिजल्या. रेवतीने डोळे मिटून महादेवाला हात जोडले.

तेवढ्यात गवा शिंकला. गव्याचीच शिंक ती. सुई उडाली ती करवंदीत. सगळं शांत झालं.

सगळ्यांनी अक्षता उधळल्या. “काय शेवट केलाय, भार्गवराव,” म्हणत ससा दुधाकडे पळाला.

बँड राहिला असता हो. पण पुढच्या कार्यक्रमाला गव्यालाही घ्या, अशी मागणी आली. टिटवीला ते सोसलं नाही. संध्याकाळी बँड मोडला.

रेवती खट्टू झाली नाही. तिने उद्यापन केलं आणि भार्गवचे ड्रम महादेवापुढे मांडले. आता दर सोमवारी तो आरतीला वाजवतो. ताल तोच, साडेसात मात्रांचा. टाळ्या चुकतात, आरती लांबते, भार्गव हसतो. फारच लांबली की सगळे गव्याकडे बघतात.

अशी ही सोळा सोमवारांची कहाणी एका शिंकेत सुफळ झाली.

तात्पर्य : कला अनंत असावी. पण पुढच्या रांगेत एकाला तरी सर्दी असावी.