बिनधुराचे अण्णा

आमच्या शिवाजी पेठेत कुणाचं माणूस गेलं, की पहिला निरोप पै-पावण्यांना जातो, दुसरा स्मशानात जातो आणि तिसरा घरातल्या घरात कुजबुजत फिरतो, ‘इंगवले अण्णांना एवढ्यात कळू देऊ नका.’

कळायचंच ते. तिरडी बांधून व्हायच्या आत अण्णा हजर. डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात टॉवेल. रीतसर हात जोडायचे, मयताच्या पाया पडायचे आणि मग घरातल्या जाणत्या माणसाला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारायचे, “काय ठरलं मग? शेणी का लाईट?”

बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. तुमच्याकडे ज्याला गोवऱ्या म्हणतात, त्या आमच्या शेणी. कोल्हापुरात माणूस शेवटी शेणीवर जातो. होळीला पेठेपेठेतली मंडळं होळी बारकी करतात आणि गाड्या भरभरून शेणी स्मशानाला दान देतात. त्यामुळं इथं गरिबालासुद्धा सरणाचा घोर नाही. आम्हाला याचा केवढा अभिमान! आणि अण्णांचं नेमकं याच्याशीच वाकडं. होळीदिवशी दानाच्या गाडीपुढं उभे राहून म्हणायचे, “दान कसलं करतासा? धूर वाटतासा गावाला!” स्मशानात विजेवरची दाहिनी आल्यापासून तर त्यांना ताळतंत्रच राहिलं नव्हतं. “आत सारलं, दार लावलं, विषय संपला. नाकानं बघा पावणं, नाकानं! हाय का कुठं वास?”

‘नाकानं बघा’ हा त्यांचा मंत्र. डोळे फसतात, कान फसतात, नाक फसत नाही म्हणायचे.

माझे चुलते तात्या वारले तेव्हाची गोष्ट. माझा थोरला भाऊ म्हणजे तालमीत घुमलेला गडी. अण्णांनी त्याला कोपऱ्यात घेऊन आपला प्रश्न टाकला. भाऊ भडकला. “आमच्या तात्याला भट्टीत घालू व्हय?” म्हणत अंगावरच गेला. मी मधे पडलो म्हणून, नाहीतर एका घरातनं दोन तिरड्या निघायच्या. अण्णा शांत. “तात्याला आता काय कळतंय? गल्लीतली पोरं खोकत्यात की!” वर हा माणूस तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पुन्हा हजर आणि भावाला म्हणतो, “लाईटवर दिलं असतंसा तर राख त्याच दिवशी डब्यातनं हातात आली असती.” आता अशा माणसाचं काय लोणचं घालायचं?

माझी पिठाची गिरण त्यांच्या घराला लागून. त्यामुळं अण्णा पहिल्यापासून असे नव्हते हे मला पक्कं माहीत आहे. पूर्वी त्यांच्या परड्यात म्हशी होत्या. संध्याकाळी धारेच्या वेळेला कट्ट्यावर ही गर्दी! लोक उभ्यानं पेला लावायचे आणि मिशीवरचा फेस पुसत घरी जायचे. अण्णा धार काढायचे, आणि शालावैनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, शेण बघायच्या. शेण बघायच्या म्हणजे काय, वैनींच्या शेणी बघायला बायका यायच्या. सगळ्या एका मापाच्या, भाकरीगत गोल आणि प्रत्येकीवर पाच बोटांचा ठसा. धाब्यावर वाळत घातल्या की आख्खा स्लॅब भरायचा. दुपारी चार बायका वर चढायच्या, उलथापालथ करायच्या आणि त्या निमित्तानं पेठेतल्या झाडून सगळ्या सुनांची उलथापालथ व्हायची. वैनी हसत म्हणायच्या, “मी माझं सरण माझ्या हातानं थापतीया. मला दुसरीच्या शेणीवर घालू नगासा. कुणाच्या कशा असत्यात, नीट जळत न्हाईत.”

मग वैनींना खोकला लागला. आधी औषधं झाली, काढे झाले, देवदेव झाला. शेवटी राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, फुफ्फुस कामातनं गेलंय. विडी नाही, तंबाखू नाही, मग कशानं? डॉक्टर म्हणाले, चुलीनं. जन्मभर धुरात बसल्या, त्यानं. नाकात नळी घालून ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं.

अण्णा घरी आले, चपलाही न काढता आत गेले आणि पहारीनं चूल फोडली. वैनी “अवो, पाणी तापतंय वर!” म्हणेपर्यंत पाणी जमिनीवर.

त्या दिवसापासून धूर आणि अण्णा यांचं उभं वैर. म्हशी गडहिंग्लजच्या व्यापाऱ्याला दिल्या. म्हशी असल्या की शेण, शेण आलं की शेणी, शेणी आल्या की धूर, असा त्यांचा हिशोब. गॅससुद्धा नको. “त्यो बी जळतोच की.” मग विजेची शेगडी आली. तिच्यावर भाकरी फुगेना. भाकरीला जाळ लागतो हो, नुसत्या गरम काचेवर ती कशाला फुगतीय? वैनी ती वातड भाकरी ताटात टाकायच्या आणि म्हणायच्या, “खावा. बिनधुराची हाय.” माझ्या गिरणीत हे ऐकू आलं आणि अण्णांचं नाव ‘बिनधुराचे अण्णा’ पडलं. आमच्या पेठेत नाव पाडायला बारसं लागत नाही.

मग विजेची स्कूटर घेतली. गडहिंग्लजला बहिणीकडं निघाले, तर कागलच्या पुढं स्कूटरनं जीव सोडला. परत आले ते एका टेम्पोच्या मागं दोरीनं बांधून. टेम्पो असा काळा धूर ओकत होता की विचारू नका, आणि मागं अण्णा, एका हातात हँडल, दुसऱ्या हातानं नाकाला टॉवेल. पेठेतली पोरं टाळ्या वाजवत होती. मीही हसलो, न हसून करतो काय?

पण अण्णांना एकच चिंता. वैनींचं मशीन लाईटवर चालायचं आणि लाईटीचा काय भरवसा? लाईट गेली की वैनींच्या तोंडाकडं बघवायचं नाही. तेवढ्यात त्यांना सोलरवाला भेटला. गळ्यात टाय, हातात टॅब, तोंडात साखर. म्हणाला, “अण्णा, आता सूर्यच तुमचा नोकर. लाईट राहिली काय अन् गेली काय!” अण्णांना पाहिजे होतं ते एवढंच. धाब्यावर सोलरचे पत्रे बसवायचं ठरलं. पण धाब्यावर होती वैनींची शेवटची रास. म्हशी जायच्या आधी थापलेली.

केवढं भांडण झालं! माझी गिरण चालू असून मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

“ती रास माझ्यासाठी ठेवलीया.”

“कशाला? आपल्या दोघांस्नी बी लाईटवर जायचंय. गावाला सांगत हिंडतोय मी!”

“तुम्ही जावा की मग तुमच्या भट्टीत. मला माझ्या शेणी पायजेत.”

“शेणीनंच ही गत केली न्हवं तुझी?”

यावर वैनींना खोकल्याची उबळ आली आणि भांडण तिथंच राहिलं. त्या होळीला अण्णांनी सांगून टाकलं की रास दान दिली. वैनींना जिना चढवत नव्हता. त्या वर बघायला जाणार कशा? महिनाभर अण्णांशी बोलल्या नाहीत. निरोप माझ्याकरवी. “सदाभाऊ, त्यांना म्हणावं दूध उतू चाललंय.” आणि अण्णा समोरच बसलेले!

पत्रे बसले, चकाकले, फोटो निघाले. आणि मग एका दुपारी लाईट गेली. वर ऊन असं की कौलावर पापड भाजावा. अण्णा माझ्याकडं बघून ऐटीत म्हणाले, “सदा, तुझी गिरण बंद, माझं घर चालू.” आणि आतनं मशीनची शिट्टी वाजली. मशीन बंद पडलं होतं.

सोलरवाल्याला फोन लावला. तो काय म्हणतो? “अण्णा, मेन लाईन गेली की आपलं सोलर पण आपोआप बंद होतं. खांबावर वायरमन काम करत असतो, त्याला शॉक बसायचा. सेफ्टी आहे ती. बॅटरीवालं मॉडेल वेगळं येतं.” बरोबर असेल त्याचं. वायरमनलाही बायकापोरं असतात. पण हे विकताना सांगायला काय जीभ झडली होती? टाय लावलेला माणूस खोटं बोलत नाही, फक्त सगळं खरं सांगत नाही!

सिलिंडर आणायला माणूस पळवला, पण तो येईपर्यंत काय? वैनींचे ओठ निळे पडायला लागलेले. मी कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याचा डिझेलचा जनरेटर ओढत आणला आणि अण्णांच्या दारातच चालू केला. भकाभका धूर. मशीन सुरू झालं. आणि आमचे बिनधुराचे अण्णा, सबंध गावाला धुरावर भाषणं देणारे अण्णा, त्या जनरेटरशेजारी उभे राहून वैनींच्या खिडकीकडं जाणारा धूर गळ्यातल्या टॉवेलनं रस्त्याकडं हाकलत होते. लाईट येईपर्यंत हाकलत होते. तोंड काळं ठिक्कर. येणारे-जाणारे हसत होते. मला हसू आलं नाही. मला त्या सोलरवाल्याला धरून हाणावंसं वाटत होतं.

नंतर स्कूटर विकून बॅटरी आणली. तेव्हापासून मशीन कधी बंद पडलं नाही, खोटं कशाला बोलू? घरात धूर नाही, वास नाही, काजळी नाही. कट्टा नाही, म्हशी नाहीत, धाब्यावर बायका नाहीत. वर सगळे पत्रे, तिथं बायकांनी बसायचं कुठं? पूर्वी वैनी खोकायच्या, पण चार बायकांत बसून खोकायच्या. आता स्वच्छ घरात एकट्या बसून मशीनची घरघर ऐकायच्या. मोठ्या सभांमधून सांगतात, बदल करायचा तर थोडं सोसावं लागतं. सोसतं कोण, ते सांगत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात वैनी गेल्या. भर दुपारी. लाईट होती, ऊन होतं, बॅटरी भरलेली होती. मशीन चालूच होतं.

पेठ लोटली. रडायला थोडे आणि अण्णा काय करतात ते बघायला फार. आमच्या लोकांची जातच मुळी तशी. दाहिनीचं काय ठरलं, मोकळी आहे का, याची कुजबुज चाललेली. आणि माझा थोरला भाऊ, डूख धरून बसलेला, सरळ अण्णांपुढं जाऊन उभा राहिला. मोठ्यानं विचारलं, “काय ठरलं मग अण्णा? शेणी का लाईट?”

मला भावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं सुद्धा नाही. उठले. “सदा, वर चल.”

धाब्यावर पत्र्यांच्या खालनं वाकून आत गेलो. कंबरभर उंच सांगाड्यावर पत्रे, खाली सावली. त्या सावलीत विटांवर फळ्या, फळ्यांवर ताडपत्री. अण्णांनी ताडपत्री ओढली. वैनींची आख्खी रास. एकीलाही पाणी लागलेलं नाही, किडा लागलेला नाही. प्रत्येकीवर पाच बोटं.

“दान दिलं म्हणालतासा की!”

“म्हणालतो.”

“वैनीला ठाव होतं?”

“न्हाय.” अण्णा एक एक शेणी माझ्या हातात द्यायला लागले. “सांगितलं असतं तर म्हणाली असती, हायत न्हवं शेणी? मग जाती मी आता. लई कटाळलीवती रं ती. शेणीसाठी भांडत होती तवर तरी ऱ्हाईल म्हटलं.”

आम्ही रास खाली उतरवली. भाऊ दारातच होता. शेणींवरचा ठसा त्यानं ओळखला आणि त्याचं तोंड उतरलं. तरी बोलायचं ते बोललाच, “अण्णा, अवो धूर हुईल की.”

“हू दे,” अण्णा म्हणाले. “आता तिला कुठं श्वास घ्यायचाय?”

यावर भावानं गपकन शेणींची पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि गाडीपर्यंत सगळ्या खेपा त्यानंच केल्या.

घाटावर वारं उलटं होतं. धूर सगळा अण्णांच्या अंगावर. लोक म्हणत होते, “अण्णा, हिकडं सरका.” सरकले नाहीत. टॉवेल गळ्यातच होता, पण नाकाला लावला नाही. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. धुरानं वाहत होतं असं सगळे धरून चालले.

आता अण्णा कुणाच्या मयताला जातात, पण मागं उभे राहतात. कुणाला काही विचारत नाहीत. पेठेला चुकल्याचुकल्यासारखं होतं. ज्यांनी शिव्या दिल्या तेच म्हणतात, अण्णा गप झाले हो.

परवा दुपारी त्यांचं पीठ द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतनं घरघर ऐकू आली. बघतो तर वैनींची खाट तशीच, उशी तशीच, उशीवर नळी ठेवलेली आणि मशीन चालू. अण्णा शेजारी खुर्चीवर बसलेले.

म्हटलं, “अण्णा, हे बंद करा की आता.”

अण्णांनी वर, धाब्याच्या दिशेनं बघितलं.

“असू दे रं,” म्हणाले. “ऊन हाय वर. वाया जातंय.”

मी पिठाचा डबा ठेवला आणि त्यांच्याजवळ थोडा वेळ बसलो.