झेंड्यातली कोशिंबीर

मिरवणुकीच्या समितीवाल्यांनो, अमुंड हेगलांडच्या झेंड्याला कात्री तुम्ही लावलीत. कात्री त्याच्या बहिणीच्या हातात होती, हे खरं. पण फर्मान तुमचं होतं. आता गाव हसतंय आणि तुम्ही हात झटकून मोकळे. तेव्हा बसा आणि ऐका.

सतरा मेला, नॉर्वेच्या सणाला, गावात मिरवणूक निघते. नॉर्थ डकोटात ही वस्ती झाली तेव्हापासून मिरवणुकीच्या पुढे हेगलांडांचाच झेंडा. अमुंडची आजी गुरी नॉर्वे सोडताना तो पेटीच्या तळाशी घालून घेऊन आली. तेव्हा नॉर्वे आणि स्वीडन एका राजाखाली होते, म्हणून तांबड्या झेंड्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन्ही देशांचे रंग कालवलेला चौकोन होता. लोक त्याला 'हेरिंग माशाची कोशिंबीर' म्हणून हिणवायचे. पुढे तिकडे फारकत झाली, झेंड्यावरून कोशिंबीर गेली. पण गुरीआजीने तोवर इकडे निल्स नावाच्या एका स्वीडिश माणसाशीच लग्न केलं होतं!

दर सतरा मेला निल्स आजोबा झेंड्याच्या त्या कोपऱ्यापुरती टोपी काढायचे. "बाकीचा तुझा," म्हणायचे.

"कोपरा दिलाय तेवढ्यात गप राहा," आजी म्हणायची. मग दोघं एकाच ताटात लोणी-साखर लावलेले लेफ्से, म्हणजे आपल्या बटाट्याच्या पोळ्या, खायची. झेंडा म्हटला की अमुंडला ते ताट आठवायचं.

यंदाची मिरवणूक त्याची शेवटची. शेत विकलं, शनिवारी लेक त्याला ॲरिझोनाला नेणार. त्याआधी आजीचा झेंडा चर्चपासून धान्याच्या कोठारापर्यंत एकदा न्यायचा, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं. आणि आदल्या दिवशी तुमचा निरोप आला, 'परक्या देशाचं ठिगळ चालणार नाही. वारसा शुद्ध हवा.' नॉर्वे पोस्टकार्डावर पाहिलेली तुम्ही माणसं, तुम्ही शुद्ध-अशुद्ध ठरवणार!

"मी नाहीच जात मग," अमुंड म्हणाला.

"नाही जात म्हणे! ॲरिझोनात काय निवडुंगांपुढे मिरवणार आहेस?" त्याची थोरली बहीण सिग्ने म्हणाली. "आण इकडे. कापत नाही, नुसते टाके उसवते."

कोपरा निघाला, कडेची पट्टी तेवढी राहिली आणि तिथे खिडकीएवढं भोक पडलं. तांबडं कापड हवं, तर दुकान सणासाठी बंद. सिग्नेने सगळं घर उपसलं. शेवटी तिची नजर दोरीवर वाळणाऱ्या अमुंडच्या थंडीतल्या आतल्या कपड्यावर गेली. तांबडी लोकर, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, आणि मागे, बसायच्या जागी, बटणांची चौकोनी झडप.

"ताई, खबरदार!"

"रंग तोच, माप तेच."

"अगं, पण मग उद्या मी गारठून मरू का?"

"मे महिन्यात?"

"डकोटातला मे आहे हा!"

"मग रडतोस काय? तुझं भोक बुजवायला कोशिंबीर आहे की."

आपल्या लोकांत चिंधी वाया जात नाही. कोशिंबीर अमुंडच्या मागे बसली आणि झडप झेंड्यावर चढली. वरची बाजू शिवून खाली बटणं लावेपर्यंत दोरा संपला, म्हणून खाली नुसत्या बटणांवर भागवलं.

मिरवणूक कोठारापाशी पोचली. मंचावर तुम्ही, शेजारी ओस्लोहून आलेल्या पाहुण्या बाई. तेवढ्यात माळावरचा वारा सुटला. बटणं तटातट निघाली आणि झडप फडफडायला लागली.

"अरे, ही झडप ओळखीची वाटतेय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "आमच्या बाबांना अश्शीच होती!"

हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत. मंचावरून उतरून त्या अमुंडसमोर आल्या. "या कोपऱ्यात काय होतं, आजोबा?"

"कोशिंबीर, बाई."

"माझ्या पणजीच्या फोटोत आहे तो झेंडा. आम्ही काढून टाकलं ते इथे कुणीतरी जपलंय असं कळलं, म्हणून तर मी एवढ्या लांब आले. कुठाय तो तुकडा?"

आणि तुम्ही! तुम्हीच ओरडलात, "हो, कुठाय? दाखव त्यांना! आत्ताच्या आत्ता दाखव!"

अमुंड कानापर्यंत लाल झाला. "नाही दाखवता येणार."

"का?"

"चारचौघांत नाही येणार."

"घातलाय त्याने," सिग्ने शांतपणे म्हणाली. "मागच्या अंगाला. आजी म्हणायचीच, स्वीडन नेहमी पाठीशी असावं."

"उफ-डा!" म्हणत बाई हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळं गाव हसत होतं. अमुंड तेवढा हसला नाही. उघड्या झडपेखालून आभाळाचा चौकोन दिसत होता. त्याने टोपी काढली, तेवढ्या चौकोनापुरती.

आणि काल तुमचा नवा निरोप! 'कोपरा होता तसा शिवून झेंडा समितीच्या काचेच्या कपाटात द्यावा. अमूल्य वारसा आहे.' परवा ठिगळ होतं ते आज वारसा झालं? एका परदेशी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून? अमुंडला तर ते जन्मभर येत होतं.

झेंडा सिग्नेच्या पेटीत आहे. अमुंड शनिवारी निघतोय, कोशिंबीर अंगात घालूनच. झेंड्याला हात लावायच्या आधी चौकात उभं राहून एवढंच सांगा: निल्स आजोबा आपले होते की परके? बोला. गाव थांबलंय.