शेवटचा दगड

डोंगराच्या शिखरापर्यंतची पायवाट स्वयंसेवकांनी बांधावी, असं वनखात्याच्या कार्यालयाने जाहीर केलं आणि आम्ही ती बांधली. यातला दुसरा भाग कार्यालयाला अपेक्षित नव्हता.

शिंपीकाका आमचे पुढारी. जन्मभर त्यांनी कुणाचे कपडे वेळेवर शिवून दिले नाहीत, वाट मात्र वेळेआधी पूर्ण केली. कारण काकूंचे गुडघे. काय चढायचं ते या हिवाळ्यात चढून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि काकूंना शिखरावरून एकदा समुद्र बघायचा होता.

काकांनी वर शेवटचा दगड बसवला. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि उतरायला वळलो, तर देखरेखीला आलेले साहेब आडवे.

"कुठे निघालात?"

"घरी."

"या वाटेने? काम पूर्ण झालंय. उद्घाटनापूर्वी वापर करता येत नाही."

"अहो साहेब, सकाळी याच वाटेने वर आलो की."

"तेव्हा तुम्ही कामगार होतात. आता तुम्ही जनता आहात."

उद्घाटन पाहुण्यांच्या सवडीने व्हायचं होतं आणि पाहुणे अजून ठरायचे होते. आपल्यालाही घरी जायचंय, हे साहेबांच्या जरा उशिराच लक्षात आलं. ते मटकन खाली बसले. नियम त्यांनीच केलेला, मोडणार कोणत्या तोंडाने?

शेवटी काकांनी शिवलेलं उसवण्याचा आपला दांडगा अनुभव कामाला लावला. पहार घालून त्यांनी तो दगड उपटला.

"आता?"

"आता काम अपूर्ण आहे," साहेबांचा चेहरा खुलला. "चला, चला."

आम्ही उड्या मारत उतरलो. सगळ्यांत पुढे साहेब होते.

दुसऱ्या दिवशी काका काकूंना घेऊन आले. पायथ्याशी साहेबांनी विचारलं, "यांचं वर काय काम?" काकांनी काकूंच्या हातात फावडं दिलं.

"अहो, हे काय भलतंच?"

"धर गं नुसतं. तू कामगार आहेस."

फावडं टेकत टेकत काकू वर पोचल्या. समुद्र बघून आधी रडल्या, मग हसत सुटल्या, मग दगडाच्या रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या. आम्हाला इतका आनंद झाला की साहेबसुद्धा नाचले.

बातमी गावभर झाली. आता सुट्टीच्या दिवशी डोंगरावर फावडीच फावडी दिसतात. नवी जोडपी फावड्यासकट फोटो काढतात. पायथ्याशी फावडी भाड्याने मिळतात, दुकान साहेबांच्या मेहुण्याचं आहे. मध्यंतरी एक उत्साही गृहस्थ घरून दगड घेऊन आला आणि त्याने खड्डा बुजवला. सगळा डोंगर वर अडकला. दगड निघेपर्यंत लोक त्याला फैलावर घेत होते आणि काकू सगळ्यांत पुढे होत्या. "लाज नाही वाटत, काम करायला?"

तुम्हीही या. येताना फावडं आणा, फक्त ते वापरू नका. हातात हत्यार धरून काम कसं टाळायचं, हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको. तुम्हीही कुठेतरी नोकरीला असालच.