जाणाऱ्या वजनाचं केळवण

ऑपरेशनच्या बरोबर पंधरा दिवस आधी, हॉस्पिटलच्या नियमाप्रमाणे, हेमांगीचं जाणारं अडतीस किलो वजन सकाळी साडेसातला तिच्यापासून वेगळं झालं आणि हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन बसलं.

सासूबाई चहा गाळत होत्या. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, मग हेमांगीकडे पाहिलं, आणि वजनाला विचारलं, "साखर किती घालू गं?"

"दोन चमचे," वजन म्हणालं. "अडीच झाली तरी चालेल."

हेमांगीला चहा नव्हता. तिचं पथ्य त्याच सकाळी सुरू झालं होतं. साय काढलेल्या दुधात कालवलेली प्रोटीन पावडर चार वेळा, मधे पातळ ताक, संध्याकाळी भाज्यांचं गाळलेलं सूप. पंधरा दिवस एवढंच. यकृत आकसलं की डॉक्टरांना जठरापर्यंत पोचायला वाट मिळते, असं आहारतज्ज्ञ बाईंनी चित्र काढून समजावलं होतं. पावडर व्हॅनिलाची होती आणि भिजवलेल्या खडूसारखी लागायची. लहानपणी हेमांगीनं खडू खाल्लेला असल्यामुळे हे ती खात्रीनं सांगू शकत होती.

हॉस्पिटलचा नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. नियम चार: जाणाऱ्या वजनास पथ्य लागू नाही. नियम पाच: जाणाऱ्या वजनास एकटे बाहेर पाठवू नये. नियम सहा जाड अक्षरात होता. भरतीच्या दिवशी जाणारे वजन चाळीस किलोच्या वर आढळल्यास तारीख रद्द समजावी व दोघांनी एकत्र घरी जावे.

म्हणजे दोन किलोंची मुभा होती. ती पुरेल, असं हेमांगीला वाटलं. हेमांगीला अशा बाबतीत नेहमीच काहीतरी पुरेल असं वाटत आलेलं होतं, आणि त्याचाच परिणाम आता सोफ्यावर बसून बशीत चहा ओतत होता.

तारीख रद्द होऊन चालणार नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी तिला रक्तातल्या साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचताना पहिल्या मजल्यावर थांबून ती रोज नोटीस बोर्ड वाचत असे. पाणी येण्याच्या वेळा तिला पाठ होत्या. ऑपरेशनचा निर्णय तिचा एकटीचा होता; आयुष्यात स्वतः घेतलेला तो बहुधा पहिलाच. लग्नाला दोन महिने झाल्यावर तिनं तो नवऱ्याला सांगायचं ठरवलं, अकरा दिवस आरशासमोर सराव केला आणि बाराव्या दिवशी फाइल जेवणाच्या टेबलावर ठेवून आंघोळीला निघून गेली. तिच्या सुदैवानं निरंजनला फायली वाचायची सवय होती. तो दूध संघात फॅट मोजायच्या विभागात होता. "बरोबर आहे," एवढंच तो म्हणाला, आणि आईलाही त्यानंच समजावलं. पण तारीख चुकली तर पुढची सहा महिन्यांनी मिळणार होती, आणि ती फाइल पुन्हा टेबलावर ठेवायचं धैर्य आपल्यात उरणार नाही, हे हेमांगीला माहीत होतं.

दुपारपर्यंत वजन घरात रुळलं. दिसायला ते हेमांगीसारखंच होतं, फक्त ठेंगणं आणि जास्त हसरं. सासूबाईंबरोबर मटार सोलत बसलं आणि सोलता सोलता निम्मे खाल्ले. हेमांगीनं चार महिन्यांत जेवढं बोलणं केलं नव्हतं, तेवढं त्यानं एका पाटीभर शेंगांत केलं. कॉलेजच्या मेसमधला महाराज, मावशीची घटस्फोटित मांजर, सगळं सांगून झालं. सासूबाई डोळे पुसून हसल्या.

"तुला हे सगळं माहीत होतं?" त्यांनी हेमांगीला विचारलं.

हेमांगीनं मान डोलावली. तिच्या न बोलण्याला सासरी सगळे संस्कार समजत. खरं तर बोलायची वेळ यायची तेव्हा तिच्या तोंडात घास असायचा.

"गोड आहे गं फार," सासूबाई म्हणाल्या. "आणि पंधरा दिवसांनी जाणार. याचं केळवण करायला नको का?"

लग्न ठरलेल्या मुलीला घर सोडून जाण्याआधी नातेवाईक एकेक दिवस जेवायला बोलावतात, गोडधोड करतात, ओवाळतात, ते केळवण. वजनाचं केळवण कुणी केल्याचं सासूबाईंच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी मटार संपेपर्यंत विचार केला आणि त्यांना त्यात काही गैर आढळलं नाही. घर सोडून जाणारं ते जाणारं. त्यांनी नणंदेला, सांगलीतच गावभागात राहणाऱ्या सुलभाआत्यांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत सात केळवणं ठरली होती.

नियम पाचमुळे प्रत्येक ठिकाणी हेमांगीला बरोबर जावं लागलं. स्वतःच्या वजनाची करवली म्हणून ती पर्समध्ये पावडरची बाटली घेऊन जाई. वजनासाठी पाटाभोवती रांगोळी असे. त्याला ओवाळत, त्याच्या पानात श्रीखंड पडे, मग पुऱ्या, मग उरलेल्या श्रीखंडासाठी आणखी पुऱ्या. हेमांगी कडेला खुर्चीवर बसून खडू पीत असे.

"ही कोण?" एका केळवणाला एका आजींनी विचारलं.

"ही राहणारी," सासूबाईंनी सांगितलं.

"असू दे, असू दे," आजी म्हणाल्या.

वजनाचं सगळीकडे कौतुक झालं, कारण ते कशालाच नको म्हणत नसे. वाढणारी वाकली की ते मान वर करून हसे. हे हसू हेमांगीच्या ओळखीचं होतं. ते तिच्या स्वतःच्या केळवणांच्या सगळ्या फोटोंत होतं.

सहाव्या दिवशी निरंजननं दूध संघातून मोठा काटा आणला. वजन एकोणचाळीस किलो शंभर भरलं.

"तू नको म्हणायला शिक," हेमांगीनं त्याला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. वजनाशी बोलताना तिला संकोच वाटत नसे.

"मला कसं येणार?" वजन शांतपणे म्हणालं. "मी तुझ्या नको न म्हणण्याचंच तर झालंय. हा दंड बघ, हा बारावीचा. आई रात्रीच्या अभ्यासाला शिरा ठेवायची, तो. ही मांडी होस्टेलची. पोटाचा हा भाग आपल्या केळवणांचा, तेरा किलो. आणि हा सगळा लग्नानंतरचा माल या घरातला. त्यात सव्वा किलो नुसत्या आत्यांच्या जिलब्या आहेत."

हेमांगीनं दंडाकडे पाहिलं. शिऱ्यात केळं असायचं, हे तिला आठवलं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं ते गिळलं. पाणी पथ्यात चालत होतं.

निरंजननं हॉस्पिटलला फोन केला.

"जाणाऱ्या वजनाच्या वतीनं मी आग्रह नाकारला तर चालेल का?"

"आपण कोण?"

"पेशंटचा नवरा."

"मग नाही चालणार," पलीकडचे कारकून म्हणाले. "वजन ज्याचं, नकार त्याचा. पेशंटनं स्वतः द्यायचा. तोंडी द्यायचा, आणि वाढणाऱ्याला ऐकू जाईल असा."

"लेखी दिला तर?"

"लेखी नकार घेऊन कोणी वाढायचं थांबलंय का साहेब?"

"बरं, चाळीसच्या वर शंभर-दोनशे ग्रॅम झालं तर?"

"साहेब, हे वजनाचं हॉस्पिटल आहे."

तेराव्या दिवशी शेवटचं केळवण सुलभाआत्यांकडे होतं. सकाळी काट्यावर वजन एकोणचाळीस किलो सातशे भरलं होतं. उरले तीनशे ग्रॅम. आत्यांचा नुसता मसालेभात तेवढा होता.

सुलभाआत्या चाळीस वर्षं सांगलीतल्या निम्म्या कार्यांत वाढत आलेल्या होत्या. त्यांच्या पंगतीतून कुणी स्वतःच्या मर्जीनं उठल्याची नोंद नव्हती. त्यांनी वजनाला ओवाळलं, मसालेभातावर तूप सोडलं, अळूवड्या वाढल्या आणि मग जिलब्यांचं ताट हातात घेतलं. हेमांगी खुर्ची सोडून वजनाच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. तिचं हृदय इतकं धडधडत होतं की बाटलीतल्या पावडरला फेस आला.

आत्यांनी दोन जिलब्या वाढल्या. हेमांगीनं तोंड उघडलं.

"छान झाल्यात," ती म्हणाली.

"तू न खाता कळलं तुला? गुणाची गं," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी दोन वाढल्या.

"थोडंच," हेमांगी म्हणाली. हे चुकलं. पंगतीत थोडंच म्हणजे होच. दोन जिलब्या आणखी पडल्या.

मग तिनं वजनाच्या पानावर हात आडवा धरला. तेही आत्यांना नवीन नव्हतं. हात आडवा धरणं हा त्यांच्या मते नकार नव्हता, तो जेवणाचा एक भाग होता. त्यांनी सराईतपणे बोटांच्या फटीतून एक जिलबी आत सोडली. पाक हेमांगीच्या मनगटावरून बांगड्यांपर्यंत ओघळला. तेरा दिवस खडूवर काढलेल्या बाईच्या नाकाखाली साजूक तुपातल्या जिलबीचा तो पाक होता. तो चाटावा आणि सगळ्याच गोष्टी सोडून द्याव्यात, असं तिला वाटलं. वजन तिच्याकडे बघत होतं. त्याचा घास तोंडाशी थांबला होता.

"आत्या, पुरे," हेमांगी म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. स्वयंपाकघरातलं भांडं घासणं थांबलं. सासूबाईंनी पदर सारखा केला.

"काय म्हणालीस?"

"पुरे. त्याला नको. आणखी वाढू नका."

सुलभाआत्या ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या. पायऱ्या उतरताना शेवटची पायरी आधीच संपलेली निघावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मग मी आता काय करू?" त्यांनी खरोखरच विचारलं.

"बसा की," हेमांगी म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

आत्यांना हे आठवावं लागलं. त्या जेवल्या नव्हत्या. त्या बसल्या. सासूबाईंनी उठून त्यांचं पान मांडलं आणि जिलबी वाढायला हात पुढे केला, तेव्हा आत्या इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मला पुरे म्हटलं तर चालेल का? मला भातच आवडतो."

वजनानं पानातल्या सात जिलब्यांपैकी दोन संपवल्या. मसालेभाताला त्यानं बोटही लावलं नाही. राहणारीनं पुरे म्हटल्यावर त्याला पुढे खाता येईना. त्याला याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट ते थोडं दमलेलं वाटलं, खूप वर्षांनी कामावरून सुटलेल्या माणसासारखं.

भरतीच्या दिवशी मिरजेला हॉस्पिटलात चौघं पोचले. सासूबाईंनी वजनाची ओटी भरायला नारळ आणि तांदूळ आणले होते. वजन काट्यावरून उतरेपर्यंत निरंजननं ते स्वतःजवळ धरून ठेवले. वजनानं चपला काढल्या, केसातली पिन काढली आणि ते काट्यावर उभं राहिलं.

"एकोणचाळीस नऊशे पन्नास," कारकून म्हणाले. "सही करा."

हेमांगीनं सही केली. तिचं स्वतःचं वजनही झालं. ते बरंच उतरलं होतं, यकृतही आकसलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पण याचं तिला फारसं काही वाटलं नाही. ती वजनाकडे बघत होती. सासूबाईंनी त्याची ओटी भरली, कपाळाला कुंकू लावलं. वजनानं वाकून नमस्कार केला. एक परिचारिका त्याला न्यायला लिफ्टपाशी येऊन उभी राहिली. ते कुठे जाणार, हे कागदावर नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

"मेसमधल्या महाराजाचं पुढे काय झालं ते राहिलंच," सासूबाई म्हणाल्या.

"हिला माहीत आहे," वजन म्हणालं.

लिफ्टचं दार उघडलं. निघालेल्या पाहुण्याला आयुष्यभर सासूबाई जे म्हणत आल्या होत्या, तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"परत ये हं."

"हो," वजन म्हणालं. त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

कारकुनांनी पेन उचललं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर यासाठी एक रकाना होता. त्यांनी चष्म्यावरून हेमांगीकडे पाहिलं.

"नको," हेमांगी म्हणाली.

ती सराव न करता बोलली होती. कारकुनांनी लिहून घेतलं: परत येण्याचे आमंत्रण देण्यात आले, रुग्णाने तोंडी नाकारले. शिक्का मारला.

सासूबाई ओशाळल्या. "मग काय म्हणायचं गं अशा वेळी?"

हेमांगीनं क्षणभर विचार केला. "सांभाळून जा म्हणा."

सासूबाई दोन पावलं पुढे गेल्या. "सांभाळून जा गं," त्या लिफ्टकडे बघून म्हणाल्या.

"हो," वजन आतून म्हणालं, आणि दार बंद झालं.

निरंजननं फाइल काखेत मारली. वॉर्डात जायला दुसरी लिफ्ट होती, पण ती यायला वेळ होता. एकच मजला चढायचा होता, म्हणून तिघं जिन्यानं निघाले.

"तर तो मेसचा महाराज," पहिल्या वळणावर न थांबता हेमांगी म्हणाली.